यक्षाकडे राहिलेलं नाव

ज्यांच्याशी भांडायचं आहे ते काका मुलीकडे नाशिकला जाऊन बसले आहेत, आणि फोनवर भांडण होत नाही. भांडायला माणूस समोर लागतो. तो कधी नजर चुकवतो, कधी उगाच पाणी मागतो, हे दिसल्याशिवाय मला पुढचं वाक्य सुचत नाही. मी आयुष्यभर समोरासमोर सौदे केले. फोनवर केलेला एकही सौदा मला फळलेला नाही. म्हणून लिहिते आहे.

तक्रार सरळ आहे. या माणसानं माझं नाव काढून घेतलं आणि परत न देता गाव सोडलं. खेळात काढून घेतलं, हे खरं. लोक म्हणतात, खेळातलं काय एवढं मनावर घ्यायचं. लोकांनी त्या टेबलाशी दोन पावसाळे बसून दाखवावं आणि मग मला शिकवावं.

लोणावळ्या-खंडाळ्याचे जुने बंगले पाडतात, तिथलं सामान मी घेते. सागवानी दारं, रंगीत काचांच्या खिडक्या, नक्षीच्या फरशा, लोखंडी गोल जिने. या बंगल्यांच्या मागच्या दाराशी रद्दी आणि बाटल्या विकत घेत सुरुवात केली, आता त्यांच्या पुढच्या दाराची चौकट उखडून नेते. कार्ले फाट्याच्या अलीकडे माझं पत्र्याचं गोडाउन आहे. तिथं एक दिवस छत्री काखेत घेतलेला, उंच, वाळकुडा म्हातारा आला आणि एका मोठ्या सागवानी जेवणाच्या टेबलापुढे उभा राहिला. किंमत विचारली. मी नेहमीप्रमाणे दुप्पट सांगितली, कारण समोरचा निम्म्यावर येणार आणि मग आपण दोघं मधे कुठंतरी भेटणार, ही रीत आहे. काका म्हणाले, "बरं."

थोबाडीत बसल्यासारखं झालं मला. लाकडावर बोट तरी वाजवून बघावं! मी म्हटलं, "काका, काहीतरी कमीजास्त करा की."

"का? तुम्ही सांगितली ती चुकीची होती?"

आता याला काय उत्तर देणार? पैसे देऊन झाल्यावर म्हणतात, "माझी खोली लहान आहे. टेबल इथंच राहू दे. मी रविवारी येऊन बसत जाईन."

मला वाटलं, काही लिहायचं असेल, म्हाताऱ्या माणसांना आत्मचरित्र वगैरे लिहायचं असतं. पण पुढच्या रविवारी काका आणखी दोघांना घेऊन आले. एक लोणावळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई, आणि दुसरा नवलाख उंबऱ्याकडच्या एका कारखान्यातला शिफ्ट सुपरवायझर. टेबलावर मोठा कागद पसरला. त्यावर डोंगर, नद्या, खिंडी काढलेल्या. एका चपट्या स्टीलच्या डबीतून काकांनी फासे काढले. चार बाजूंचे, आठ बाजूंचे, वीस बाजूंचे. तिघं बोलायला लागले, आणि मला कळेना की हे बोलतात ते कुठल्या गावाबद्दल.

पावसाळ्यातल्या रविवारी मला काम नसतं. मुंबई-पुण्याच्या गाड्या भुशी धरणावर भिजायला निघालेल्या असतात आणि माझा टेम्पो फाट्यावरूनसुद्धा हलत नाही. तेव्हा मी दारांच्या थप्पीमागे स्टुलावर बसून ऐकत होते. हळूहळू समजलं. हा गोष्टीचा खेळ. प्रत्येकाचं एक पात्र. काका सोडून. काका म्हणजे बाकीचं सगळं जग: पाऊस, दरोडेखोर, राणी, कुत्रं. काका सांगतात काय दिसतं आहे, तुम्ही सांगायचं तुम्ही काय करता. बाई, ज्यांचा शाळेत आवाज चढलेला कुणी ऐकला नसेल, त्या एक कुऱ्हाडवाली झाल्या होत्या आणि आधी हाणायच्या, मग विचारायच्या. सुपरवायझर जादूगार होता.

त्या दिवशी त्यांना नदी ओलांडायची होती आणि होडीवाला अडून बसला होता. जादूगारानं मागितलं तेवढं कबूल केलं. मला राहवेना. मी थप्पीमागून ओरडले, "अरे, आधी होडीला भोकं किती आहेत ते तरी बघ!"

काका वळले. "कोण बोललं?"

"मी."

"तुम्ही होडीत आहात?"

"नाही."

"मग तुमचा आवाज त्यांना ऐकू येत नाही. बोलायचं असेल तर होडीत या."

मी खुर्ची ओढली. काका म्हणाले, "नाव सांगा. तुमचं नको, जी बाई होडीत चढते आहे तिचं."

माझ्या तोंडून माझं माहेरचं नाव निघालं. लग्नात सासूबाईंनी तांदळाच्या ताटात अंगठीनं दुसरं नाव लिहायला लावलं, त्या दिवसापासून ते माहेरचं नाव कुणी उच्चारलं नव्हतं. बरं, ताटातलं तरी कुणी वापरावं! नवरा 'अगं' म्हणतो. गावात मी मुलाची आई. धंद्यात मावशी. गोडाउनच्या पाटीवरही मुलाचंच नाव आहे, आणि तो पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो, त्याला बिजागरी कुठली आणि कडी कुठली हे ठाऊक नाही. यातलं काही मी त्या टेबलावर सांगितलं नाही. त्यांना वाटलं, खेळापुरतं सुचलं असेल. पण त्या दिवसापासून रविवारी तीन माणसं मला त्या नावानं हाक मारायला लागली. काकांचा नियमच होता, टेबलावर बाहेरची नावं चालायची नाहीत.

काकांबद्दल सांगायचं तर ते रस्त्यांच्या कामावर मोजणी करणारे. उमेदीची वर्षं आखातात गेली. तिथं वाळवंटातल्या कॅम्पात संध्याकाळी करायचं काय, म्हणून कुठल्याशा परदेशी इंजिनिअरनं हा खेळ शिकवला. त्याचं पुस्तक त्या इंजिनिअरबरोबर गेलं. काकांनी आठवतील ते नियम ठेवले आणि बाकीचे स्वतः केले. खेळताना कधी बसायचे नाहीत. टेबलाभोवती फिरत शेंगा सोलायचे आणि टरफलं डाव्या खिशात घालायचे. आवाज बदलायचे नाहीत. राणी असो, भूत असो, सगळे एकाच सपाट आवाजात बोलायचे, मोजणीचे आकडे वाचून दाखवावेत तसे. तरी कोण बोलतं आहे हे कळायचं. कसं, ते मला आजही सांगता येणार नाही.

एकदा आम्हाला धान्याची पोती घेऊन घाट चढायचा होता. काका म्हणाले, "किती वेळ लागेल ते मला माहीत नाही. पुढच्या रविवारी सांगतो." आणि या माणसानं, सत्तरी गाठलेल्या माणसानं, तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन कार्ल्याच्या लेण्याच्या पायऱ्या चढून बघितल्या. बघणाऱ्यांना वाटलं, एकवीरेचा नवस फेडतोय. लोक वाट सोडायला लागले. एका बाईनं पाया पडून विचारलं म्हणे, "बाबा, कशाबद्दल बोलला होता?" काका म्हणाले, "खिंडीत पोचायला अंधार होतो की नाही ते बघायचंय." ती बाई आणखी एकदा पाया पडली.

सुपरवायझर काकांना आबा म्हणायचा, पण त्याला हे सगळं पटायचं नाही. त्याला हा खेळ पुण्याच्या हॉस्टेलवर भेटला होता, तोही जाडजूड रंगीत पुस्तकातून, आणि ते पुस्तक तो रविवारी मांडीवर घेऊनच बसायचा. त्यात सगळ्याला नियम. कुठली जादू किती लांब जाते, कुठल्या चिलखतावर वार लागतो, भिंत चढायला फाशावर किती पडायला हवेत, खोटं बोलून समोरच्याला पटवायला किती. बोलायचीसुद्धा गरज नाही. 'मी त्याला पटवतो' म्हणायचं आणि फासा टाकायचा. काकांकडे बोलण्यावर फासा नव्हता. पटवायचं असेल तर तोंड उघडा आणि पटवा.

एकदा जादूगार कड्यावरून पडला.

"पाय मोडला," काका म्हणाले. "कुठला, ते तुम्ही सांगा."

"आबा, आसं न्हाई व्हत. आमच्या बुकात पडलं की पॉइंट जात्यात. मग हितंच रातभर झोपायचं, सकाळी सगळे परत."

"मोडलेला पाय?"

"व्हय."

"झोपून?"

"रूलच हाय तसा."

"मग तळेगावच्या डॉक्टरांना कळवायला हवं," काका म्हणाले आणि पुढची शेंग फोडली. त्यानंतर कितीतरी रविवार कुऱ्हाडवालीनं जादूगाराला पाठीवर वाहिला. तो पाठीवरून कुरकुरायचा, "ह्यो गेम हाय का रोजंदारी?" आणि बाई म्हणायच्या, "पाठीवर तू आहेस, रोजंदारी माझी चालू आहे. गप बस."

मी काकांच्या बाजूची होते. हे कबूल करते, कारण त्याचाच मला जास्त राग येतो. पुस्तकातला खेळ म्हणजे छापील दराचं दुकान. तिथं माझ्यासारखीचं काय काम? काकांकडे प्रत्येक गोष्टीला घासाघीस होती. फासा टाकायच्या आधी काका विचारायचे, "काय पणाला आहे, ते आधी बोला." जिंकलात तर काय, हरलात तर काय, दोन्ही मोठ्यानं ठरायचं. एकदा ठरलं की फासा सगळ्यांसमोर उघड्यावर पडणार, आणि पडला की बदल नाही. दरी ओलांडायची होती तेव्हाचं मला अजून आठवतं.

"पडलात तर मरण," काका म्हणाले.

"मरण फार होतं. पाठीवरचं गाठोडं घ्या."

"गाठोडं आणि उजवा हात."

"हात कशाला लागतोय दरीला? चपला घ्या."

"गाठोडं आणि खेचर."

खेचरावर सौदा ठरला. फासा उलटा पडला, गाठोडं गेलं, खेचर गेलं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. पण तक्रार केली मी? नाही केली. ठरलं ते ठरलं.

मधेच एकदा पुण्याहून काही मंडळी आली. शनिवार-रविवार बंगला भाड्यानं घेऊन ती हाच खेळ खेळत, पण मेणबत्त्या लावून आणि संगीत वाजवून. त्यांच्यात फासे फारसे नव्हतेच. प्रत्येकानं आपल्या पात्राचं बालपण, आईचा मृत्यू, पहिलं प्रेम वगैरे लिहून आणलेलं आणि रडून दाखवायचं. कुणीतरी काकांचं नाव सांगितलं म्हणून त्यांनी खेळ चालवायला बोलावलं. काकांनी सगळ्यांचं रडणं मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाले, "वाईट झालं. आता कंदिलात तेल संपत आलंय आणि समोरचं दार बंद आहे. तुम्ही काय करता?" पुन्हा त्यांनी काकांना बोलावलं नाही. परत आल्यावर मी विचारलं, "कसा होता त्यांचा खेळ?" म्हणाले, "मनापासून खेळतात. पण त्यांच्या जगात दारं आपोआप उघडतात."

मी त्या जगात काय केलं ते आता सांगते, म्हणजे मी काय गमावलं ते कळेल. माझ्याकडे ना तलवार होती ना जादू. मी एका ओसाड खिंडीत दोन घाटवाटा मिळतात ती जागा हेरली. मिठाच्या व्यापाऱ्यांना तिथं थांबायला लावलं, मग त्यांच्या बैलांसाठी चारा, चाऱ्यासाठी कोठार, कोठारासाठी राखण. बघता बघता पेठ उभी राहिली. उंबरपेठ. एकेक भिंत मी बोलून मिळवली होती, कुणाशी तरी भांडून. वेशीवरचे नियम माझे. एकदा चोर शिरले तेव्हा मीच ठरवलं की, अनोळखी माणसाला आत घ्यायचं तर गावातला जामीन पाहिजे. जामीन नसेल तर बाहेर. माझी पेठ होती ती. तिथं पोरं-टोरं मला त्या नावानं ओळखत होती. पोरं-टोरं म्हणजे काकाच, पण तरीही.

आणि मग पेठेचं पाणी आटलं. वरच्या कपारीत झरा होता, तो एका यक्षानं अडवला होता. मी एकटीच वर गेले. बाकीचे दोघं मागे उभे राहिले, कारण बोलणी असतील तिथं मला कुणी मधे आलेलं चालत नाही. काका टेबलाच्या त्या टोकाला उभे.

"झरा माझा आहे," यक्ष सपाट आवाजात म्हणाला. "दरवर्षी पेठेतलं एक माणूस द्या."

"माणूस कशाला? खायला घालावं लागेल, आजारी पडेल. एक बकरा."

"बकऱ्याशी बोलता येत नाही."

"मग बोलायला कुणीतरी महिन्यातून एकदा वर येईल. नि बकरा."

"दर पंधरवड्याला."

"पावसाळा सोडून."

काय दुपार होती ती! बाहेर पाऊस आणि हायवेवर हॉर्न, आणि मी त्या यक्षाला माणसावरून बकऱ्यावर, बकऱ्यावरून कोंबड्यावर, कोंबड्यावरून दिवाळीच्या एका पणतीवर आणलं. सुपरवायझरनं पुस्तक मिटून ठेवलं होतं. बाईंचा चहा गार झाला होता. अशी घासाघीस मी खऱ्या बंगल्यावरसुद्धा कधी केलेली नाही. शेवटी सौदा एका जागी अडला. यक्ष म्हणाला, "पणती, आणि पंधरवड्याला बोलणारं माणूस. आणखी काहीतरी."

आता आमच्या धंद्यात सौदा असा शेवटच्या विटेला अडला की वर काहीतरी घालायचं असतं. बिजागऱ्यांची जोडी, पितळी हुक, एखादी कडी. आपल्याला लागत नाही अशी वस्तू हाताला येईल ती उचलायची आणि सामानावर टाकायची. समोरच्याचं समाधान होतं, आपलं काही जात नाही. हे मी इतक्या वेळा केलं आहे की हात आपोआप जातो. त्या खिंडीत माझ्या हाताशी काहीच नव्हतं.

"घे," मी म्हणाले, "माझं नाव घे वर. चल, मिटव."

काकांनी हातातली शेंग टेबलावर ठेवली. "नक्की?"

हे 'नक्की' ते माझ्या तोंडावर फेकतात. पण मला सांगा, सौद्यात 'नक्की?' कोण विचारतो? ज्याला वस्तू हवी असते तो. समोरचा 'नक्की?' म्हणाला की तो गळाला लागला, हे मी रद्दीच्या दिवसांपासून ओळखते. मी टेबलावर हात मारला. "नक्की! मी बोलले की बोलले."

"झरा सुटला," काका म्हणाले. "खाली पेठेत पाणी पोचलं. लोक हंडे घेऊन धावतायत." मग ते बाईंकडे वळले. "तुमच्या शेजारी एक बाई उभी आहे. ओळखीची वाटत नाही."

बाई एवढ्या प्रामाणिक की त्यांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आपण कोण?"

मला आधी हसू आलं. मग काकांनी सांगितलं की, पेठेत कुणालाच आठवत नाही पेठ कुणी वसवली. वेशीवरच्या दगडावर जिथं नाव होतं तिथं शेवाळ आहे. आणि या टेबलावर ते नाव आता कुणी उच्चारायचं नाही, कारण ते कुणाला ठाऊक नाही.

सुपरवायझर माझ्यासाठी भांडला, हे त्याचं मी विसरणार नाही. "आबा, ह्ये चुकीचं हाय. बुकात आसल्या जादूतनं सुटायचा एक चान्स आसतो. फासा तर द्या मावशीला!"

"फासा कधी टाकायचा?" काका म्हणाले. "काय होईल ते ठाऊक नसतं तेव्हा. इथं काय ठाऊक नाही? त्यांनी दिलं, त्यानं घेतलं."

"पण मी गंमतीनं दिलं!" मी ओरडले.

"यक्षाला कसं कळणार?"

"तुम्हाला कळायला पाहिजे होतं!"

काकांनी टेबलावर ठेवलेली शेंग उचलून सोलली. हा माणूस असा शेंगेकडे वळला की समोरच्याला वाटतं, आपणच चुकलो. मला तसं वाटलं नाही. मी तो नकाशा गुंडाळला, त्यांच्या हातात कोंबला आणि गोडाउनचं शटर ओढलं. छापील दराच्या दुकानात निदान पावती मिळते. वस्तू परत घेऊन जाता येतं, मालकाशी भांडता येतं. काकांच्या दुकानात पावती नाही, मालक नाही, आणि ज्यानं माल नेला तो डोंगरात राहतो!

काही रविवार मी शटर उघडलं नाही. काका यायचे, बाहेरच्या फळ्यांवर छत्री उघडून बसायचे, शेंगा संपल्या की जायचे. एकदा नवरा म्हणाला, "अगं, तो म्हातारा भिजतोय." मी म्हटलं, भिजू दे. त्याच्या पुढच्या रविवारी उघडलं.

आणि खेळले. पेठेच्या वेशीवर गेले. राखणीला कुऱ्हाडवाली उभी.

"नाव?" बाई म्हणाल्या.

"नाही."

"जामीन कोण?"

"अहो बाई, हा नियम मी केलाय!"

"असेल. जामीन कोण?"

माझाच चहा पिऊन, माझ्याच गोडाउनात बसून, माझ्याच वेशीतून मला बाहेर काढलं. काकांनी डोळा वर करून पाहिलंसुद्धा नाही. "वेस बंद झाली. पाऊस आहे. तुम्ही काय करता?"

काय करणार? वेशीबाहेर झाडाखाली दोरखंड विकायला बसले. वर यक्षाकडे जायची वाट दोनदा शोधली. एकदा दरड होती, एकदा धुकं. पेठेतल्या माणसांनी मला 'दोरवाली' म्हणायला सुरुवात केली. मी दात-ओठ खात विकत राहिले. विकता विकता पाऊस संपला, आणि दिवाळीच्या आधी काकांची मुलगी गाडी घेऊन आली. काकांना जिना चढवत नव्हता. बॅगेत कपडे कमी, नकाशे जास्त. मला म्हणाले, "टेबल इथं राहू दे. बाकीचे आहेत खेळायला." नमस्कार केला आणि बसले गाडीत. माझ्या नावाचं काय, हे त्यांनी काढलं नाही, आणि त्यांच्या मुलीसमोर मला विचारता येईना. विचारायचं तरी काय? ताई, तुमच्या वडिलांनी सांभाळलेल्या यक्षाकडे माझी एक वस्तू आहे?

फोन केला नंतर. म्हटलं, "काका, ते नाव परत द्या."

"माझ्याकडे नाही हो. यक्षाकडे आहे."

"यक्ष म्हणजे तुम्हीच ना!"

"मी फक्त त्याच्या वतीनं बोलत होतो. तो तिथंच आहे."

"मग त्या दिवशी अडवलं का नाही मला? त्या नावाचं मला किती आहे, कळलं नाही तुम्हाला?"

पलीकडे शेंग फुटल्याचा आवाज आला. "होडीत चढताना तुम्ही ते फार मोठ्यानं सांगितलं होतं," काका म्हणाले. "म्हणून तर विचारलं. मी एरवी 'नक्की?' असं विचारत नाही."

मी फोन ठेवला. या माणसाला ठाऊक होतं! ठाऊक असून घेतलं! त्या दिवसापासून मी जास्त चिडलेली आहे.

आता खेळ सुपरवायझर चालवतो, अर्थातच पुस्तकातून. बरा चालवतो. लढाया चांगल्या होतात, आणि मोडलेला पाय सकाळी जोडला जातो, त्यामुळे बाई खूश आहेत. गेल्या रविवारी त्यानं मला सुखद धक्का द्यायचा म्हणून सगळी तयारी केली होती. पुस्तक उघडून म्हणाला, "मावशी, घावलं बघा. गेलेली वस्तू परत आणायची जादू हाय ह्यात. मी करतो, तुमी फकस्त फासा टाका. पंधराच्या वर पडलं की नाव परत. न्हाई पडलं तर दुसऱ्या दिवशी पुन्यांदा टाकायचा."

"आणि हरले तर जाणार काय माझं?"

"काय न्हाई! कायच जात न्हाई."

वीस बाजूंचा फासा त्यानं माझ्या तळहातावर ठेवला. बाई पुढे वाकून बघत होत्या. मला ते नाव हवं आहे. किती हवं आहे ते मी त्या दोघांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण असं? फुकटात? पडेपर्यंत टाकत राहायचं? त्या पेठेची एकेक भिंत मी तोंडानं उभी केली, ते नाव मी तोंडानं घालवलं, आणि आता ते प्लॅस्टिकच्या तुकड्यावर परत घेऊ?

मी फासा डबीत टाकला. "यक्षाला बोलाव. मला बोलायचंय त्याच्याशी."

"मावशी, मला न्हाई येत यक्ष बोलाया."

"शिक."

त्यानं बाईंकडे बघितलं. बाईंनी खांदे उडवले. तो उभा राहिला, घसा साफ केला आणि आवाज जाड करून म्हणाला, "बोला, काय पायजे?"

"माझं नाव."

"घ्या की, मावशी. तुमचंच हाय."

"असा देतोस?" मी इतक्या जोरानं ओरडले की बाहेरचं कुत्रं उठून गेलं. "झरा अडवणारा यक्ष तू, आणि मागितल्याबरोबर देतोस? अडव मला! माझ्याकडून काहीतरी माग. मला जड जाईल असं माग!"

बिचारा खुर्चीवर बसला. काय मागावं ते त्याला सुचेना. पुस्तकात नव्हतं. मी त्याला पुढच्या रविवारपर्यंत विचार करायला सांगितलं आहे. बाईंनाही सांगितलं आहे, त्याला मदत करायची नाही. हवं तर त्यानं नाशिकला फोन करावा, मी करणार नाही.

तोवर मी वेशीबाहेर दोरखंड विकते आहे, आणि ते नाव यक्षाकडे आहे. म्हणून इथंही लिहिलेलं नाही.